इस्कर्योत नव्हे

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. आधी वाटायचं, बाई आहेत, त्यांना समक्षच सांगू. मग बाई गेल्या, आणि वाटलं, आता सांगून उपयोग काय. दोन्ही कारणं मला तितकीच पटली. सोयीचं कारण मला नेहमीच पटतं.

मी खडकीचा, मराठी ख्रिस्ती, सरकारी नोकरीतून निवृत्त. चर्चमध्ये माझी ख्याती एकच, शुद्धलेखन. फलकावरची सूचना मी पेन काढूनच वाचत असे. एका अंत्यविधीच्या पत्रिकेतला ऱ्हस्व उकार मी कबरस्तानातच दीर्घ केला होता. त्या घरचे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

बाई आमच्या चर्चमधल्या निवृत्त शिक्षिका. विधवा, घरी एकट्या. दर गुरुवारी संध्याकाळी संत जूडची प्रार्थना त्या चालवत. वीसेक वर्षं तो मान त्यांचा होता आणि दुसरं काही त्यांना नको होतं. उरलेले सहा दिवस त्या गुरुवारसाठी काढत.

संत जूड हा येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक. मराठी बायबलमध्ये त्याचं नाव यहूदा. पंचाईत अशी की ज्याने येशूला धरून दिलं तोही यहूदाच, यहूदा इस्कर्योत. म्हणून योहानाच्या शुभवर्तमानात आमच्या संताची ओळख ‘इस्कर्योत नव्हे’ अशी करून दिली आहे. बिचारा तिथे एकच प्रश्न विचारतो, पण त्याआधी आपण तो नव्हे, याचा दाखला त्याला द्यावा लागतो. नावाच्या या घोटाळ्यामुळे लोक त्याच्याकडे फिरकत नसत, आणि मोकळा वेळ असल्यामुळे तो अशक्य कामं हाती घेऊ लागला, असं भाविक सांगतात. सोसायटीचं पाणी, सुनेची बदली, भाच्याचा व्हिसा, सगळं आम्ही त्याच्यावर सोपवलं होतं.

बाईंनी त्याचं चरित्र आणि नऊ दिवसांची प्रार्थना अशी छोटी पुस्तिका लिहिली. तपासायला अर्थात माझ्याकडे आली. मी सगळीकडे जूड खोडून यहूदा केलं.

“अहो, यहूदा म्हटलं की लोकांना दुसराच आठवतो,” बाई म्हणाल्या.

“लोकांना बायबल येत नाही म्हणून आपण मराठी बिघडवायची?”

“मराठी नीट राहील हो. संत बदलेल त्याचं काय?”

शेवटी तडजोड झाली. जिथे जिथे नाव, तिथे ‘संत यहूदा (इस्कर्योत नव्हे)’. मुद्रितशोधक म्हणून माझं नाव छापू नका, असं मी विनयाने सांगितलं. तो विनय पुढे फार उपयोगी पडला.

शेवटचं प्रूफ आलं तेव्हा बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. “तुम्ही पाहताय ना, मग मी कशाला पाहू,” त्या म्हणाल्या. बुधवार पेठेतल्या डीटीपीच्या दुकानात स्टुलावर बसून मी पानं तपासली. मुख्य प्रार्थनेत ‘नव्हे’ हा शब्द एकटाच खालच्या ओळीत लोंबकळत होता. कंसही डोळ्यांत खुपत होते. लाल पेनाने मी दोन्ही कंस उडवले आणि ‘नव्हे’ही उडवला. ओळ कशी सुबक झाली. ‘इस्कर्योत’मधला रफार बरोबर आहे ना, तेवढं मात्र दोनदा पाहिलं.

रविवारी पुस्तिका वाटल्या. बाईंना प्रार्थना पाठ, त्यांनी पुस्तिका उघडलीच नाही. बाकी सगळे आपापल्या घरी मेणबत्ती लावून नऊ दिवस श्रद्धेने म्हणत राहिले, “हे संत यहूदा इस्कर्योत, आमच्यासाठी विनंती कर.” कोणालाही काही खटकलं नाही. पुण्यातल्या लोकांना छापलेलं खटकत नाही, असं प्रथमच पाहिलं.

त्यापुढच्या रविवारी मिस्सेची उपासना संपल्यावर एक भगिनी आभार मानायला माइकपाशी आल्या. “संत यहूदा इस्कर्योताच्या कृपेने,” त्या गहिवरून म्हणाल्या, “माझ्या सुनेची बदली झाली.” फादरांनी मान वर केली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “झाली ना पण बदली?”

संध्याकाळी समिती बसली. फादरांनी विचारलं, “शेवटचं प्रूफ कोणी पाहिलं?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “पुस्तिकेवर नाव माझं आहे. जबाबदारी माझी.”

मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, “डीटीपीत असं होतं कधीकधी. आणि बाईंचं डोळ्याचं ऑपरेशनही नुकतंच झालंय.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. व्याकरणदृष्ट्याही ती निर्दोष होती.

डोळ्यांना ताण नको, या काळजीपोटी समितीने गुरुवारची प्रार्थना दुसऱ्या बाईंकडे दिली. ठरावाचा मसुदा मीच शुद्ध केला. बाईंनी पुस्तिका घरोघर फिरून परत गोळा केल्या आणि हिरव्या काचेचा चष्मा लावून प्रत्येकीत हाताने ‘नव्हे’ लिहिलं. पुढच्या गुरुवारी त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी आल्या नाहीत. वर्षभरात त्या बिबवेवाडीला भावाकडे राहायला गेल्या.

तीन वर्षांनी मी तिकडे गेलो. दोन बस बदलून, सगळं वाक्य मनात घोकत. बाई, ती चूक माझी होती, तुमचा गुरुवार माझ्यामुळे गेला, मला क्षमा करा. दार त्यांनीच उघडलं. वाळल्या होत्या.

“तुम्ही? इकडे कुठे?”

“सहज.”

“खडकीहून बिबवेवाडीला सहज कोणी येत नाही,” बाई म्हणाल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या. त्या थांबल्या होत्या, हे मला कळत होतं. समितीतही त्या अशाच थांबल्या होत्या.

“इथे एक नातेवाईक आहेत,” मी म्हणालो, “त्यांच्याकडे आलो होतो.”

बिबवेवाडीत माझं कोणीही नाही. बाईंनी चहा केला, मी तो घेतला, त्यांच्या भावाशी पाणीटंचाईवर अर्धा तास बोललो. निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “काही राहिलं का?”

मी म्हणालो, “नाही, काही नाही.”