पांढऱ्या साडीतलं लग्न

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं शिरूरच्या कोर्टात सांगितलं, की ही बाई माझी बायको नाहीच. तो दौंडला रेल्वेत होता. तिथं त्यानं दुसरी बाई ठेवली, आणि आक्का पोरीला घेऊन घोड नदीकाठच्या आमच्या गावी परत आली. तिनं पोटगी मागितली तसा याला एकदम कायदा आठवला. होम नाही, सप्तपदी नाही, मग लग्न कसलं? पोर झाली तेव्हा मात्र मेल्याचं काही अडलं नव्हतं.

आमची लग्नं बौद्ध पद्धतीची. आक्काचं हे आमच्या वस्तीतलं तसलं पहिलंच. दोघांनी पांढरे कपडे घातले, तसबिरींपुढं मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांबरोबर त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि एकमेकांना हार घातले. झालं लग्न. भट नको, अग्नी नको, हे आमच्या वडलांनीच, आबांनीच ठरवलं होतं. त्यावरून ते अख्ख्या भावकीशी भांडले, पण हटले नाहीत. मला ते लग्न फार देखणं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

आमच्या वकिलांनी आक्काला बजावलं होतं, "हिरवी साडी नेस, हातभर बांगड्या घाल. बाई लग्नाची दिसली पाहिजे. आणि सप्तपदी झाली एवढं म्हण, बाकी मी बघतो." आक्का गेली ती लग्नातली पांढरी साडी नेसून. वकिलांनी कपाळावर हात मारला.

नवऱ्याच्या वकिलानं आक्काला विचारलं, "बाई, लग्नाला वाजंत्री होती?"

"न्हाई."

"अग्नी?"

"न्हाई."

"आणि नवरी अशी पांढऱ्या साडीत? मग हे लग्न होतं की मयत?"

कोर्टात लोक खोखो हसले. माझं डोकंच फिरलं. उठून त्याचा काळा कोट टराटरा फाडावा असं वाटलं. आक्का मात्र शांतपणे म्हणाली, "आमच्यात असंच लागतं, साहेब. समद्या वस्तीनं पाहिलंय."

आबांची साक्ष व्हायची होती, म्हणून ते बाहेर व्हरांड्यात बसले होते. मधल्या सुट्टीत वकील त्यांच्यापाशी गेले. "तुमच्या पोरीनं सगळं घालवलं. आता तुमच्या हातात आहे. नातीला बापाचं नाव पाहिजे का नको?" आबा पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

मग आबा पिंजऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी एक लग्न सांगितलं. मांडव, मुंडावळ्या, सनई, अंतरपाट, सगळं. "होमाच्या धुरानं पोरीचं डोळं गळत व्हतं, साहेब. तशीच चालली सात पावलं." कुठं अडखळले नाहीत. इतकं नटवून सांगितलं, की जज्जसाहेबांचासुद्धा चेहरा खुलला. मी बाकावर नुसती हात चोळत बसले. राग तरी कुणाचा करावा, हेच कळेना.

निकाल आक्काच्या बाजूनं लागला. वकिलांनी तो आम्हाला मराठीत समजावून सांगितला. होम आणि सप्तपदीसह लग्न शाबीत झालं होतं. बापाची साक्ष भरवशाची ठरली. मुलगी नवरी होती, लग्नाच्या गडबडीत बावरली असेल, तिला नीट आठवत नसेल, तिचा यात दोष नाही, असं साहेबांनी मोठ्या मायेनं लिहिलं होतं.

एसटी स्टँडवर आबांनी पेढे घेतले. एक नातीच्या हातात दिला आणि पुडा आक्कापुढं धरला. ती हलली नाही.

"अगं, जिंकलीस की!" आबा म्हणाले. "आता कोण म्हणंल तुझं लगीन झालं न्हाई?"

"माझं लगीन झालंच व्हतं, आबा," आक्का म्हणाली. "तुम्हीच लावलं व्हतं."