इंजिन मी उघडलं होतं

गाडी ह्यांची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई नवऱ्याच्या वस्तूवर हक्क सांगते असं कुणी म्हणायला नको. लाल रंगाची, दोन सीटांची, लांब नाकाची अमेरिकन स्पोर्ट्स कार. आम्ही दोघं शाळेत होतो त्या काळातली. पन्नाशी उलटल्यावर माझ्या नवऱ्याने ती घेतली, कॅनडात मिल्टनच्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये आणून उभी केली आणि माझी साधी गाडी बाहेर ड्राइव्हवेवर गेली. त्यानंतरचे सगळे हिवाळे मी काचेवरचा बर्फ खरवडत घालवले. त्याबद्दलही माझी तक्रार नाही. माझं म्हणणं फक्त बॉनेटखालच्या कामाबद्दल आहे.

गाडी दिसायला देखणी आणि पळायला मठ्ठ निघाली. पहिल्याच रविवारी हायवेला लागताना ह्यांनी पाय दाबला, इंजिनाने भला मोठा आवाज केला, आणि शेजारून एक मिनीव्हॅन आम्हाला मागे टाकून गेली. तिच्या मागच्या सीटवर कुणाचं तरी पोर आइस्क्रीम खात होतं. ह्यांनी गाडी पुढच्याच वळणावर घराकडे वळवली. मग जेवताना म्हणाले, "आठ सिलिंडरचं एवढं मोठं धूड, आणि दम नाही गं त्याच्यात!"

दम होता. मला ते ऐकूनच कळलं होतं. ही गाडी बनली त्या वर्षांत अमेरिकेत प्रदूषणाचे कायदे कडक झाले आणि कंपन्यांनी इंजिनं सुधारण्याऐवजी त्यांचे गळे आवळले. आत जाणारी हवा अडवली, बाहेर जाणारा धूर अडवला, आणि व्हॉल्व्ह उघडझाप करणारा कॅमशाफ्ट असा आळशी बसवला की इंजिनाने जास्त काही करूच नये. धडधाकट माणसाला नाक धरून पळायला लावलं तर तो काय पळणार? मी हे ह्यांना आमटी वाढता वाढता सांगितलं. हे म्हणाले, "तुला काय ठाऊक?" आणि मग स्वतःच जीभ चावली.

कारण मला ठाऊक होतं. पुण्याला मेकॅनिकल डिप्लोमा केला तेव्हा वर्गात आम्ही दोन मुली होतो. पिंपरीच्या एका कारखान्यात तीन वर्षं इंजिन टेस्टिंगला होते. डिझेलची इंजिनं रात्रंदिवस चालवून मग उघडायची, एकेक भाग मोजायचा, काय झिजलं ते लिहायचं. मग लग्न, मग कॅनडा. ह्यांना सॉफ्टवेअरमुळे सहा आठवड्यांत नोकरी लागली. मला प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, कॅनेडियन एक्सपिरियन्स आहे का? तो कुठून आणणार होते मी, विमानातून उतरताना? शेवटी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसले. बावीस वर्षं. पुण्याहून आणलेला, केसाएवढी जाडी मोजणारा माझा मायक्रोमीटर माझ्या हातात होता, एवढंच समाधान. कारखाना बंद पडला तेव्हा तो पर्समध्ये घालून घरी आले.

तर कोविडचा पहिला हिवाळा. सगळे घरात कोंडलेले. मुलगी युनिव्हर्सिटीत होती, तिचे वर्ग किचनच्या टेबलावर लॅपटॉपवर चालायचे. हे बेसमेंटमध्ये मीटिंगा करायचे. आणि मी एका सकाळी जुनी स्वेटपँट चढवली, गॅरेजचा हीटर लावला आणि बॉनेट उघडलं.

फार काही मोठं करायचं नव्हतं. रेसला थोडीच जायचं होतं? माझा हिशेब साधा होता: इंजिन मूळचं राहू द्यायचं, फक्त त्याला श्वास घेऊ द्यायचा. आधी धूर बाहेर नेणारे कोंदट ओतीव पाइप काढले. चाळीस वर्षांचा गंज, एकेक बोल्ट तापवून, तेल पाजून, शिव्या देऊन सोडवला. दोन बोल्ट तुटलेच. ते ड्रिल करून काढायला मला चार दिवस लागले. त्या जागी लांब नळ्यांचे हेडर्स बसवले. वर हवा आत नेणारा अॅल्युमिनियमचा नवा मॅनिफोल्ड. कार्बोरेटर सगळा खोलून किचनच्या सिंकमध्ये धुतला, आठवडाभर डाळीला पेट्रोलचा वास येत होता. ठिणगी कधी पडायची त्याचं गणित नव्याने जमवलं. एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढली तेव्हा ह्यांच्या तोंडावर जे हसू होतं, ते मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मलाही आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या हिवाळ्यात कॅमशाफ्ट. ते खरं काम. रेडिएटर काढा, पुढचं सगळं उतरवा, मग तो लांब दांडा इंजिनाच्या पोटातून हळूहळू ओढायचा, आतल्या बेअरिंगला जराही न खरवडता. मी श्वास धरून ओढला. नवा घालताना डिग्री व्हील, म्हणजे कोन मोजायची चकती, लावून तीन वेळा मोजला. व्हॉल्व्ह उचलणारे नवे लिफ्टर, नव्या स्प्रिंगा. प्रत्येक भागाची माझ्या वहीत नोंद, मराठीत.

नवा कॅम बसवला की एक नियम असतो. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की लगेच वेग वाढवायचा आणि वीस मिनिटं तो खाली येऊ द्यायचा नाही. खाली आला तर आत तेल नीट उडत नाही आणि कॅम तिथल्या तिथे खलास. मला ठिणगीचं टायमिंग बघायला बॉनेटपाशी उभं राहायचं होतं, म्हणून ह्यांना सीटवर बसवलं. सांगितलं, "काही झालं तरी पाय काढायचा नाही." पाचव्या मिनिटाला कामात पाइपांवर सांडलेलं तेल जळून धूर निघाला. हे घाबरले, पाय उचलला. मी जी ओरडले, "पाय! पाय दाबा! बंद करू नका!" पलीकडच्या घरातला माणूस बर्फ शोव्हल करायचं थांबवून बघायला लागला. ह्यांनी पुन्हा पाय दाबला. वीस मिनिटं. त्या अख्ख्या इंजिनात ह्यांचं काम काय, तर तेवढं. घामाने निथळले होते, तेही मार्चच्या थंडीत.

इंजिन सुंदर लागलं. नुसतं उभं असताना त्याला एक हलका ताल आला होता. आणि हायवेला ती गाडी अशी सुटली की मी दरवाजाचं हँडल धरलं.

आता माझी चूक सांगते.

त्या वर्षी ह्यांची नोकरी गेली. पंचवीस वर्षं एका जागी, आणि एका सकाळी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत निरोप. उन्हाळाभर अर्ज करत होते. दाढी करायचे नाहीत. दसरा आला तेव्हा मीच म्हटलं, चार घरं बोलावू, खंडेनवमीची हत्यारांची पूजा आणि दसरा एकदमच करू, जरा बरं वाटेल. इंडियन ग्रोसरीतून झेंडू आणला. बॉनेटवर हार घातला. गॅरेजमध्ये पाटावर लाल कापड, त्यावर नट आवळायचे पाने, टॉर्क रेंच, फीलर गेज आणि माझा मायक्रोमीटर.

पूजेला कोण बसणार? विचारायचं काय त्यात, हे बसले. मी निरांजनाचं ताट धरून मागे उभी. ह्यांनी माझ्या मायक्रोमीटरला ओलं कुंकू लावलं. नंतर ते स्पिरिटने पुसायला मला अर्धा तास लागला.

आरती झाली आणि ह्यांच्या एका मित्राने बॉनेट उघडायला लावलं. आलेले सगळे ह्यांचे ऑफिसातले जुने सहकारी, अजून नोकरीत टिकलेले. "काय काय केलंयस रे?" हे सांगायला लागले, हेडर्स टाकले, कॅम बदलला. मित्र म्हणाला, "स्वतः? की दुकानात दिली?" ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चार महिन्यांची दाढी त्याच सकाळी केलेली होती, गालावर कापल्याची खूण होती.

आणि मी म्हटलं, "ह्यांनीच केलं सगळं. गॅरेजमधून हलत नव्हते. जेवायलासुद्धा हाका मारायला लागायच्या."

कुणी विचारलं नव्हतं मला. माझी मीच बोलले. चारचौघांत नवऱ्याला कमीपणा येऊ द्यायचा नाही, हे इतकं अंगात मुरलंय की तोंड आपोआप उघडलं. आईला हेच करताना पाहिलं, सासूला हेच करताना पाहिलं. मित्राने ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा तुला!" आणि मला म्हणाला, "वहिनी, तुमची कमाल, हे सगळं सहन केलंत." मी हसले आणि श्रीखंड वाढायला आत गेले.

मला वाटलं होतं, रात्री हे म्हणतील, अगं असं का सांगितलंस? किंवा निदान हसतील. काहीच नाही. पुढच्या आठवड्यात हे फोनवर कुणाला तरी सांगत होते, कॅम ओढताना कसा श्वास धरला होता ते. माझा श्वास! अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण पहिलं खोटं माझंच होतं, तेव्हा मूग गिळून बसले.

मग ते वाढतच गेलं. रविवारी सकाळी जुन्या गाड्यांवाले कॉफीच्या दुकानाबाहेर जमतात, तिथे हे जायला लागले. ते तुटलेले दोन बोल्ट ह्यांच्या गोष्टीत पाच झाले. पुढे ह्यांना नोकरीही लागली, चेहरा उजळला, दाढी रोज व्हायला लागली. मला वाटलं, आता तरी. एकदा चहा पिताना मी सरळ विचारलं, "अहो, आता कुणाला तरी खरं सांगाल का?"

"काय खरं?"

"इंजिन कुणी केलं ते."

ह्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "अगं, घरातल्या घरात काय माझं-तुझं?" म्हणाले, आणि पुढे, अगदी प्रेमाने, "आणि लोकांना पटणार तरी आहे का?"

मला मारलं असतं तर कमी लागलं असतं. त्यानंतर मी त्या गाडीत बसले नाही. तेल मात्र वेळच्या वेळी बदलत राहिले, कारण इंजिनाचा काय दोष?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही घर विकून एटोबिकोला कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, जायचं ठरवलं. ह्यांचे गुडघे त्या खोल सीटमधून उठू देईनात आणि कॉन्डोला पार्किंग एकच. गाडी विकायला काढली. मुलगी व्हँकुव्हरहून रजा घेऊन सामान आवरायला आली होती, तिची खोकी भरणं चाललेलं. घ्यायला आला तो एक निवृत्त गोरा शिक्षक, हातांच्या रेषांत काळं तेल मुरलेलं. त्याने इंजिन सुरू करायला सांगितलं, कमरेत वाकून डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिला. मी गॅरेजच्या दारात उभी होते. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम नुसतं ऐकूनच ओळखत होतं.

"ब्यूटिफुल," तो म्हणाला. "हू डिड द कॅम?"

"आय डिड," हे म्हणाले.

त्याने विचारलं, लिफ्टरना किती दाब दिलाय? हे म्हणाले, "स्टँडर्ड." तो तसाच वाट बघत राहिला. स्टँडर्ड म्हणजे काहीच नसतं. मग मी दारातूनच म्हटलं, ढिलाई संपली की तिथून पुढे नटचा अर्धा फेरा. त्या माणसाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि ह्यांनी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शी हॅज हर्ड मी टॉक अबाउट इट फॉर इयर्स."

तोही हसला. मुलगी हातात टेपची गुंडाळी घेऊन उभी होती, तीही हसली.

गाडी गेली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग नाही. हे मोकळ्या गॅरेजमध्ये झाडू घेऊन उभे राहिले. मी मुलीला किचनमध्ये गाठलं. ह्यांचं जाऊ दे, मित्रांचं जाऊ दे, हिला तर माहीत आहे, एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली होती. दोन हिवाळे ती त्या टेबलावर बसली होती, गॅरेजचं दार तिच्या खुर्चीपासून चार पावलांवर. माझे काळे हात तिने पाहिले होते.

म्हटलं, "तू का नाही बोललीस काही? तू तर बघत होतीस ना, काम कोण करत होतं ते?"

"यू वर हेल्पिंग हिम, आई."

"मदत? कोण म्हणालं मदत?"

ती खरोखर गोंधळली. "यू डिड. मावशीशी फोनवर बोलताना. एव्हरी टाइम. ह्यांना जरा मदत करतेय, असं. आय वॉज इन क्लास, आई, आय वॉजंट लुकिंग. आय जस्ट हर्ड यू."

बेसिनची कड धरून मी उभी होते. म्हटलं, "खोटं बोलत होते मी, बाळा. ते सगळं मी केलं. एकटीने. पहिल्या बोल्टपासून."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडावर हसू पसरलं. जवळ येऊन मला घट्ट मिठी मारली. "ओके, आई. यू बिल्ट द होल कार." केसांवरून हात फिरवला आणि गॅरेजकडे गेली, बाबांना हाक मारत, "बाबा, लिसन, आई काय म्हणतेय!"

मी नळ सोडला आणि कपबशा धुवायला घेतल्या. गॅरेजमधून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता.