राक्षसाची निळी चौकट
युपीएसची टीं टीं ऐकली की माझं डोकं अजून तापतं. शिरूरच्या सायबर कॅफेत मी आणि वडगाव रासाईचा माझा मित्र शेजारच्या केबिनांत बसून, दौंडात बसलेल्या दोघांबरोबर इंटरनेटवरून फाशांची लढाई खेळत होतो. चारला लोडशेडिंग, त्याआत राक्षस मारायचा होता. बटण दाबलं की फासे पडून निकाल दिसावा, असा मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मी लिहिला होता. पण त्यातून नुसते आकडे उमटत आणि मला हवी होती निळी चौकट. एक कंस चुकला की सगळी चौकट विस्कटायची. "आरं, नुसता आकडा दाव की! राक्षसाचं लगीन हाय व्हय?" मित्र प्लायवूडपलीकडून ओरडला. "गप रं, झालंच!" मी खेकसलो. चारला मिनिटभर असताना चौकट उमटली, निळीशार, देखणी. त्यात मित्राचं नाव होतं, त्याची तलवार होती. वार लागला की हुकला, ही निकालाची ओळ घालायचीच मी विसरलो होतो. "लागला का न्हाई?" त्यानं विचारलं, तेवढ्यात वीज गेली आणि युपीएसनं टीं टीं करत मान टाकली. आज कारेगावच्या कंपनीत मी रंगीत रिपोर्ट बनवतो आणि साहेबांना पाठवण्याआधी स्वतःवरच खेकसतो, "लागला का न्हाई?"