माशाची कडी

अमेरिकेत नोव्हाय गावी आमच्या शेजारचे आजोबा कधी हाक मारत नाहीत. लाकडी कुंपणावर दोनदा टकटक करतात, मग म्हणतात, "गुड, मावशी?" मावशी हा शब्द त्यांनी माझ्या मुलाच्या मित्रांकडून उचलला.

त्यांचं गाव माल्टा बेटावरचं, तटाच्या आतलं. गुडघे गेल्यामुळे त्यांना आता तिकडे जाता येत नाही. यंदा मुलगा आम्हाला तिथे फिरायला नेणार, हे कळल्यावर त्यांनी कागदावर आपल्या लहानपणच्या घराचं दार काढून दिलं. दाराला पितळी माशाची कडी होती. कागदावरच ती बोटाने वाजवल्यासारखं करत म्हणाले, "टू टाइम्स."

त्यांच्या गावच्या वेशीतून आत गेल्यावर एका गल्लीत ते दार सापडलं. मासाही होता. पण परक्याचं घर, कोणी बाहेर आलं तर मी काय बोलू? माझा हात वर झालाच नाही. उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि मागे फिरले.

घरी आलो तेव्हा आजोबा कुंपणाशीच उभे होते. कडी वाजवली नाही, नुसता उंबऱ्याला हात लावला, असं मी खरं ते सांगितलं; मुलाने ते इंग्रजीत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी हळूच विचारलं, "विच हँड?"

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने दोनदा टकटक केलं आणि आतून कोणी दार उघडायला येतंय का याची वाट पाहावी, तसे थांबून राहिले.