मुलाच्या पत्रातली म्हातारी

सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही महिने वाचायचं नाही असं बजावलं, म्हणून त्यांच्या मुलाची पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. सर श्रीरामपूरच्या आमच्या शाळेतले निवृत्त इंग्रजीचे शिक्षक. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता त्यांच्याच वर्गांवर इंग्रजी शिकवणारी. नोकरीला दोन वर्षं झाली होती. आपल्याला इंग्रजी येतं, असं मला तेव्हा वाटायचं.

दर रविवारी सकाळी मी जायची. सर खुर्चीत डोळ्यांवर हिरवी पट्टी घेऊन बसलेले, काकू खाली पाटावर काहीतरी निवडत असायच्या. मुलगा एकुलता एक. इंजिनिअर होऊन पुढचं शिकायला अमेरिकेत गेला होता. बापलेकांचा पत्रव्यवहार इंग्रजीत, हा सरांचा नियम होता. आईसाठी शेवटी मराठीत तीन-चार ओळी असत. मी निळं पत्र उघडायची, आधी इंग्रजी वाचायची, मग काकूंना मराठीत सांगायची. उत्तर सर तोंडी सांगत आणि मी लिहून घेई.

सुरुवातीला त्याची पत्रं अर्ध्या पानाची असत. एकदा त्यानं लिहिलं की माझं पॅड फार लहान आहे. सर काकूंना म्हणाले, "कागदच लहान, मग लिहिणार किती?" काकूंनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून जाड, रेघांचं लिहायचं पॅड आणून ठेवलं. पुढच्या पत्रात तो म्हणाला की मी हे गाव डिग करतो. सर जरा काळजीत पडले. शिकता शिकता पोरगा खणायच्या कामावर जातो की काय, असं त्यांना वाटलं. मी म्हणाले, "तिकडे मुलं सुट्टीत कसलीही कामं करतात म्हणे." त्यांना ते पटलं.

दिवाळीनंतरच्या पत्रात ते वाक्य आलं. मी आता माझ्या ओल्ड लेडीबरोबर राहतो, तुम्हाला कसं सांगावं ते कळत नव्हतं, ती फार चांगली आहे आणि माझी काळजी घेते.

सरांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. "माझी का म्हणतो?"

"घरमालकीण असेल सर," मी म्हणाले. "जिव्हाळ्यानं म्हणत असेल."

काकूंचा चेहरा एकदम उजळला. सरांनी ताबडतोब उत्तर सांगितलं. त्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत, कारण पुढे ती मी कितीतरी वेळा मनात घोळवली. तू तिच्या छपराखाली राहतोस हे वाचून तुझी आई आणि मी निश्चिंत झालो. तिचा शब्द मोडू नकोस. तिच्यापासून काही लपवू नकोस. आमचा तिला नमस्कार सांग. काकूंनी पार्सलही केलं. त्यात मेतकूट होतं, एक लोकरी शाल होती आणि म्हातारीच्या गुडघ्यांसाठी घट्ट बुचाच्या बाटलीत औषधी तेल होतं.

त्याचं उत्तर आलं ते पुरं तीन पानांचं. बाबा, तुमचं पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. वाचताना मला रडू आलं. तुम्ही असं लिहाल याची मी कल्पनाच केली नव्हती. तुम्ही फार आउट आहात.

"फार आउट म्हणजे?" सरांनी विचारलं.

"इंग्रजीतला फार, म्हणजे लांब. तुम्ही खूप लांब आहात, असं असेल," मी म्हणाले. मुलाला आपली आठवण येते, असा अर्थ सरांनी घेतला.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी पत्र येऊ लागलं. तो काय खातो, कुठे जातो, प्रयोगशाळेत काय बिनसलं, सगळं लिही. सर संध्याकाळी चौकातल्या बाकावर बसणाऱ्या मित्रांना सांगत, की तिकडे एका म्हातारीनं आमच्या मुलाला माणसात आणलं. फक्त एक गोष्ट जराशी खटकायची. ओल्ड लेडीला तेल आवडलं, रोज पळून आल्यावर ती ते लावते, असं त्यानं कळवलं होतं.

"या वयात पळते?" काकूंनी विचारलं.

"तिकडच्या म्हाताऱ्या ठणठणीत असतात," सर म्हणाले.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरी खोल करायच्या कामावर एका संस्थेतर्फे एक तरुण अमेरिकन आला होता. तो नेवाशाच्या बाजूच्या एका खेड्यात राही आणि आपली पत्रं न्यायला सायकलवर आमच्या पोस्टात येई. मराठी त्यानं विहिरीवरच्या माणसांकडून उचललेली. तिकिटांच्या रांगेत तो माझ्यापुढे उभा होता. मी धीर करून त्याला इंग्रजीत विचारलं की पळणाऱ्या म्हाताऱ्या तुमच्याकडे असतात का. त्यानं मराठीतच उत्तर दिलं.

"कुनी सांगितलं?"

मी पत्रातलं वाक्य सांगितलं. त्यानं हसू दाबलं, पण ते डोळ्यांत दिसलंच.

"म्हातारी न्हाई वो ती. बायको. न्हाईतर बायकोसारखी. संगं राहत्यात."

"लग्न न करता?"

"कवा करत्यात, कवा न्हाई. आमच्या वयाची पोरं समदी असंच म्हनत्यात."

मग मी बाकीचे शब्दही विचारले. पॅड म्हणजे राहायची खोली. डिग म्हणजे मनापासून आवडणं. आणि फार आउट म्हणजे? तो क्षणभर शब्द शोधत राहिला आणि म्हणाला, "लई भारी."

मी तिकिटं न घेताच घरी आले. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. त्या म्हातारीला घरमालकीण केलं होतं ते मी. सरांच्या नावानं त्या मुलाला जे गेलं, ते आशीर्वादाचं पत्र होतं, आणि ते माझ्या अक्षरात होतं.

रविवारी गेले. काकू मेथी निवडत होत्या. सरांना नवा जाड चष्मा मिळाला होता, पण वाचायचं काम अजून माझ्याकडेच होतं. मी सगळं सांगून टाकलं. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. नंतर म्हणाले, "कोश काढ."

मी कपाटातून कोश काढला. त्यांनी चष्मा कागदाला टेकवत ओल्ड शब्दाखालची सगळी ओळ बोटानं चाचपली. "इथं नाही."

"कोश जुना आहे, सर."

"मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो, कोशात नाही तो शब्द इंग्रजी नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते. "माझ्या मुलाचं पत्र मला वाचता आलं नाही. विहिरीवरच्या माणसाला विचारावं लागलं."

"चुकलं ते माझं, सर."

"तू माझीच विद्यार्थिनी," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

काकूंनी विचारलं, "काय झालंय नीट सांगाल का मला?" मी मराठीत सांगितलं. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "म्हणजे मळ्यातले लोक बायकोला आमची म्हातारी म्हणतात, तसं?"

मी हो म्हणाले. इतका सरळ अर्थ मला सुचला नव्हता, सरांनाही नाही.

सरांनी पत्र लिहून घ्यायला सांगितलं. पहिलं वाक्य आलं, आमचा गंभीर गैरसमज झाला होता. दुसरं आलं, आमचं आधीचं पत्र रद्द समजावं. मी लिहिलं. काकूंनी विचारलं, काय लिहिताय. मी सांगितलं.

"त्यानं कुठं लपवलं?" त्या सरांना म्हणाल्या. "त्यानं सरळ सांगितलं. आपल्याला कळलं नाही, यात त्याची काय चूक? आणि आता रद्द म्हणून कळवलं तर तो पुन्हा अर्ध्या पानावर येईल."

सरांनी मला ते तीन पानी पत्र पुन्हा वाचायला सांगितलं, सगळं, सावकाश. तुमचं पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं, या ओळीवर त्यांनी हात वर केला. मी थांबले.

"तो कागद फाड," ते म्हणाले. "नवीन घे. लिही, इतके महिने आम्ही तिचं नाव विचारलं नाही. ते कळव."

काकूंनी स्वतःच्या हातानं खाली मराठीत दोन ओळी लिहिल्या. लग्न करून टाका. शाल तिला पुरते का?

सरांना ते सोपं गेलं असं नाही. महिनाभर ते बाकावर गेले नाहीत. माझ्याशीही दोन-तीन रविवार कामापुरतंच बोलले. मुलानं तिकडेच जमवलंय, एवढंच त्यांनी मित्रांना सांगितलं, आणि तेही कुणी विचारल्यावर. उन्हाळ्यात लग्न झाल्याचं पत्र आलं. सोबत फोटो होता. उंच, दाट केसांची हसरी मुलगी, आणि ती शाल तिनं फ्रॉकवरून घेतलेली.

पुढच्या थंडीत दोघं बारा दिवसांसाठी आले. तिला भेटायला मी रोजच जात होते. एका संध्याकाळी काकू शेजारणीला सांगत होत्या, आमचे हे चहा घेत नाहीत, यांना दूध लागतं. नवऱ्याकडून थोडं मराठी शिकलेल्या सुनेनं सरांना विचारलं, आमचे हे म्हणजे कोण, आणि एकाच माणसाला अनेकवचन का? सरांनी खुर्ची पुढे ओढली. नवऱ्याचं नाव न घेता त्याला काय काय म्हणता येतं, ते त्यांनी तिला सांगायला सुरुवात केली. अहो, घरचे, मालक, कारभारी. ती एकेक शब्द म्हणून बघत होती, आणि काकू दारातून तिचे उच्चार दुरुस्त करत होत्या.