उद्यामावशींचं शेवटचं पान

आमच्या कोटांच्या कारखान्यात मशीनचा हॉल खाली आणि हातशिलाईची खोली वर. खाली शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. वर सुई पडली तरी कळतं, आणि सुया तर आमच्याकडे सारख्याच पडतात. काजं, बटणं आणि बाह्यांच्या तोंडाची तुरपाई वर होते. दहाजणी लांब टेबलाशी बसून शिवतात. अकरावी मी, दाराजवळ बसून तयार कोट तपासते. बाराव्या उद्यामावशी. त्या खिडकीपाशी उंच स्टुलावर बसतात आणि अजिबात शिवत नाहीत. त्या वाचतात.

एके काळी काजं करावीत तर मावशींनी, असं सगळे म्हणायचे. मग त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला आणि बोटांत सुई राहीना. एका दुपारी त्यांनी गुपचूप पिशवी आवरायला घेतली. ते बटणवालीने पाहिलं. बटणवाली म्हणजे आमच्यातली सगळ्यात चपळ हातांची आणि त्याहून चपळ जिभेची. ती म्हणाली, "अहो मावशी, अंगठा गेला, तोंड शाबूत आहे ना? तुम्ही आम्हाला वाचून दाखवा. तुमच्या वाटचे कोट आम्ही करतो, प्रत्येकी एक." मालकांना संध्याकाळी ठरलेले कोट मिळाले म्हणजे झालं, त्यांनी हरकत घेतली नाही. तेव्हापासून ही पद्धत पडली.

मावशी येताना वाचनालयातून कादंबरी घेऊन यायच्या. कसलीही चालायची. खुनाची, राजेरजवाड्यांची, भुताची, सासवा-सुनांची. पण सुटायला पाच मिनिटं उरली की नेमकं कोणीतरी जिन्यावर पाऊल टाकायचं, कोणाच्या तरी हातात पत्र पडायचं, आणि मावशी पुस्तक मिटून म्हणायच्या, "बास. उद्या."

"अहो, पत्रात काय होतं तेवढं तरी!"

"उद्या."

आम्ही हातापाया पडून पाहिलं, रुसून पाहिलं. बटणवालीने एकदा स्टुलाची वाट अडवली. मावशी बधत नसत. शेवटी आम्ही त्यांचं नावच उद्यामावशी ठेवून टाकलं. आमची खात्री होती की बाई आतल्या गाठीची आहे. घरी जाऊन सगळं पुस्तक संपवत असणार आणि दुसऱ्या दिवशी आमचा जीव कुठे टांगायचा ती जागा हेरून ठेवत असणार. मी तर म्हणायचे, मावशींनी खाटीकखान्यात काम केलं असतं तर फार नाव काढलं असतं.

मग ते बाह्यांचं प्रकरण झालं.

एका हॉटेलाच्या दरवानांसाठी कोट शिवत होतो. कादंबरी खुनाची होती. बंद खोली, आतून कडी, आणि कडी आता निघणार. त्या दिवशी दुपारभर ती कडी निघता निघेना आणि मावशी वाचत राहिल्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे आणि हात आपोआप चाललेले. चौथ्या दिवशी हॉटेलातून एकोणीस कोट परत आले. दरवान हात घालायला गेला तर बाहीला तोंडच नाही! तुरपाई करताना वरचा पदर आणि खालचा पदर एकत्र घेऊन बाह्या छान बारीक टाक्यांनी बंद करून टाकलेल्या.

आता तुम्ही विचाराल की तपासणारी काय करत होती. ती तोंड उघडं टाकून कडीकडे बघत होती. मान खाली घालून मी ते मालकांनाही सांगितलं.

मालक माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीवर उपाय सुचतो, हा त्यांचा मोठा दोष. ते म्हणाले, "खून बंद. साधं, सरळ काहीतरी वाचा. ज्यात माणसाला धडधड होणार नाही."

मावशींनी प्रेमकथा आणली. नायिकेने पत्र लिहिलं आणि ते द्यायचं धाडस होईना. नव्वद पानं ते पत्र तिच्या पर्समध्ये! आमच्या तिघींनी काळ्या कोटांना तपकिरी बटणं लावली. ती मी वेळेत पकडली, कारण आता माझ्या मानेवर सुरी होती. मग विनोदी कादंबरी आणली. त्यात एक गृहस्थ उसना आणलेला सूट घालून स्वतःच्याच साखरपुड्याला निघतात आणि सूटचा मालक तिथेच पाहुणा. आम्ही हसत होतो, पण हात थांबलेलेच. शेवटी लहान मुलांचं पुस्तक आणलं, मोठ्या अक्षरांचं. बदकाचं पिल्लू हरवलं होतं. बटणवाली, जी नवऱ्याला सुद्धा भीक घालत नाही, ती हुंदके देत म्हणाली, "सापडतं की नाही तेवढं सांगा, मग मी धागा ओवते."

मालक नेमके तेव्हाच वर आले. दहा सुया हवेत, दहा तोंडं उघडी, आणि कारण काय तर बदक.

त्यांनी नवा उपाय काढला. "मावशी, आजपासून शेवट आधी सांगायचा. पुस्तक सुरू करण्यापूर्वी शेवटचं पान वाचून दाखवायचं. मनाला टांगणी नको. आणि हे नाही जमलं, तर वाचन बंद. मग ज्याचे कोट त्याने करायचे."

ज्याचे कोट त्याने, म्हणजे मावशींनी घरी बसायचं, हे सगळ्यांना कळलं. मावशींच्या चेहऱ्याचा रंग उतरला. आम्हाला वाटलं, नोकरीच्या भीतीने. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं पुस्तक उघडलं, शेवटचं पान वाचलं, मग पहिल्यापासून सुरुवात केली. आम्ही आधी नाकं मुरडली. पण गंमत अशी, की शेवट माहीत असूनही आम्ही अडकलोच. नायिका त्या उंच माणसाशी लग्न करणार हे ठाऊक होतं, आणि इथे तिसऱ्याच प्रकरणात तो बोटीत बसून निघून गेला! आता हे जमणार कसं? 'काय' गेलं आणि 'कसं' आलं. फरक एवढाच, की 'कसं' ऐकताना हात चालू राहतात. बाह्या उघड्या, बटणं जागच्या जागी. मालक खूष, मीही खूष.

बिघडल्या त्या मावशी. आवाज सपाट झाला, स्टेशनवर सूचना वाचतात तसा. पूर्वी त्या सगळ्यांच्या आधी यायच्या, आता उशीर होऊ लागला. आणि सुटायच्या आधी 'उद्या' म्हणायचंही त्या विसरून जायच्या. मग एक दिवस आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. एक खोली, स्वच्छ. एक खुर्ची, एक पलंग, खिडकीशी लहान टेबल. त्यांना ना ताप ना खोकला. त्या पलंगावर बसल्या होत्या, केससुद्धा न विंचरता.

"मावशी, काय होतंय?"

"काही नाही गं. उठावंसं वाटत नाही."

मी चहा केला. दोन घोट घेतल्यावर त्या बोलल्या.

"तुम्हाला सगळ्यांना वाटतं ना, मी घरी पुढचं वाचून ठेवते? मी पुस्तक घरी आणते, पण उघडत नाही. कधीच नाही. या टेबलावर ठेवते आणि त्याच्याकडे बघत जेवते. हे गेल्यापासून या घरात विचारायला कोणी नाही, आणि सांगायलाही नाही. सकाळी जाग येते, तेव्हा आधी काहीच आठवत नाही. मग आठवतं, अरे, ती कडी काढायची राहिलीय. म्हणून उठते." त्यांनी कप खाली ठेवला. "आता शेवट मलाच आधी वाचावा लागतो. मग उठून करायचं काय?"

इतकी वर्षं आम्ही ज्या बाईला छळवादी म्हणत होतो, ती आमच्याइतकीच टांगलेली होती. पुस्तक मिटताना तिलाही ठाऊक नसायचं. मला माझीच लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं ते मी चहाच्या वाफेवर ढकललं.

"उद्या या," मी म्हटलं. "शेवटचं पान मी बघते."

"आणि मालक?"

"तेही मी बघते."

मी मालकांना गाठलं. "तुम्हाला शिवणाऱ्यांच्या मनाला टांगणी नको ना? दहाजणींना शेवट माहीत असेल, मलाही असेल. फक्त एकीला नसेल."

"कोणाला?"

"जी वाचते तिला."

मालकांनी डोकं खाजवलं. "मग ती वाचणार कशी?"

"तुम्ही बघाच," मी म्हटलं. त्यांना 'बघाच' म्हटलेलं आवडतं.

मग मावशी आल्या, नवं पुस्तक घेऊन. दुपारच्या सुट्टीत त्या पाय मोकळे करायला खाली गेल्या, की पुस्तक स्टुलावरच असायचं. मी शेवटचं पान उघडलं आणि दबक्या आवाजात दहाजणींना वाचून दाखवलं. गोष्ट एका नावाड्याची होती. त्याच्याशी भांडून मुलगी घर सोडून जाते, आणि तो रोज नदी ओलांडताना काठावर नजर टाकतो. शेवटच्या पानावर ती येते. काही न बोलता नावेत बसते, आणि तो वल्हं उचलतो. बस्स.

"एकीच्याही तोंडून निघालं तर बघा," मी सगळ्यांना बजावलं.

आणि मग तीन आठवडे आमची जी काही दैना झाली! मावशींचा आवाज पुन्हा चढउतार घेऊ लागला. वाचता वाचता त्या मध्येच थांबायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "नाही येणार ही पोर. मला दिसतंच आहे." आम्ही अकराजणी ओठ दाबून काम करत बसायचो. बटणवालीच्या पोटात काही राहत नाही. तिने दातांत धागा धरून ठेवायची युक्ती काढली. एकदा पुरात नाव उलटली, तेव्हा मावशी स्टुलावरून अर्ध्या उठल्या. मला वाटलं, सांगून टाकावं, कशाला म्हाताऱ्या जिवाला घोर! पण तेवढ्यात त्यांनी पुस्तक मिटलं आणि डोळे चमकवत म्हणाल्या, "बास. उद्या." दुसऱ्या दिवशी वेळेच्या वीस मिनिटं आधी हजर.

मालक हल्ली काहीतरी निमित्त काढून वर यायचे. कधी मापाची टेप विसरायची, कधी दिवा तपासायचा. गोष्टीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी मला हळूच विचारलं, "अजून कळलं नाही ना त्यांना?"

शेवटचं पान आलं ते एका गुरुवारी, दुपारी. मावशी वाचू लागल्या. नावाडी म्हातारा झालेला, डोळे अधू. काठावर कोणीतरी उभं आहे. मी मान वर केली, तर टेबलाशी एकही सुई चालत नव्हती. दहाजणी मावशींच्या तोंडाकडे बघत होत्या, दारात मालक टेप गळ्यात घालून उभे. आम्हा सगळ्यांना ते पान पाठ होतं, तरीही कोणी श्वास घेत नव्हतं. मावशींनी ओळ वाचली. थांबल्या. चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि तीच ओळ पुन्हा वाचली, या वेळी अगदी हळू, कोणासाठीही नाही.

"आली गं," त्या म्हणाल्या. "आली की."

बटणवाली मोठ्याने रडायलाच लागली. मावशींनी वर पाहिलं, एकेकीचा चेहरा निरखला, मग मालकांचा, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"तीन आठवडे? आणि कोणाच्या तोंडून चकार शब्द नाही? बायका आहात की तिजोऱ्या!" त्यांनी आम्हाला मनसोक्त झापलं, आणि झापताना त्यांचे गाल ओले होते. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "संध्याकाळी जाताना मी दुसरं घेते. पुढेही असंच. मला कोणी काही सांगायचं नाही."

त्या संध्याकाळी सुटल्यावर मावशींनी नवं पुस्तक घेतलं, पण त्याचं पहिलं पानसुद्धा उघडलं नाही. ते त्यांनी वाचनालयातून थेट आपल्या रिकाम्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खोलीचं कुलूप उघडायची पाळी माझी होती. मी जिना चढून गेले, तर मावशी आधीच दाराशी उभ्या, केस नीट विंचरलेले, पुस्तक छातीशी धरलेलं. "लवकर उघड गं," त्या म्हणाल्या. किल्ली माझ्या हातातच होती, पण त्यांची ती घाई आणखी थोडी टिकावी म्हणून मी पिशवीत ती बराच वेळ शोधत राहिले.