चाकूवरचा बाण

जुने फौजी चाकू दिसले की माझे हात शिवशिवतात. दुमडणारं पातं, डबा फोडायचं टोक, दोरीची गाठ सोडवायचा दाभण. वडीगोद्रीजवळ रस्त्याकडेच्या शेतात एक म्हातारा मेंढपाळ तसल्याच चाकूनं मेंढीचं वाढलेलं खूर तासत होता.

"कुठला हो बाबा हा चाकू?"

"आज्याचा हाय. फौजेत गेल्ते, तिथून आनला."

इंग्रजांच्या फौजेतल्या चाकूंवर बारीक बाण ठोकलेला असतो. तो दिसल्याशिवाय मी चाकू अस्सल मानत नाही. मी खिशातलं भिंग काढून पाहिलं. घासून घासून लोखंड गुळगुळीत झालं होतं, बाणाचा पत्ता नव्हता. मी वैतागलो. माणसं अशा खुणा जपत का नाहीत, असं तोंडावर बोलूनही गेलो.

मेंढीचा पाय न सोडता म्हातारा म्हणाला, "तीन रेघांचा बाण ना? आज्यानं तीच खून धरली, आपली मेंढरं वळखायला. मंग आमी बी तीच काढतो."

मी भिंगावरून नजर वर केली. समोरच्या कळपातल्या प्रत्येक पाठीवर गेरूनं काढलेला तो बाण होता, आणि चरत चरत शेतभर पसरत चालला होता.